छाट

पहिल्या दिवशी मी राजमणी गुंडेटींना तीन शब्द दिले :
सफरचंद, टेबल, रुपया.
पाच मिनिटांनी विचारीन, लक्षात ठेवा.
त्या म्हणाल्या, रुपया ठेवते.
बाकीचे दोन आमच्या घरात नाहीत.

सिव्हिलची ओपीडी, खोली अकरा, मे महिना,
पंखा फिरत होता तो केवळ सवयीनं.
शंभरातून सात वजा करा.
सून म्हणाली, त्यांना शाळा नाही.
मग घड्याळ काढा.
त्यांनी कागद हातात घेतला,
विडीचं पान बघतात तसा अंगठ्याखाली दाबून
ओल आहे का बघितली
आणि परत दिला.

तीसपैकी नऊ, मी लिहिलं.
विस्मरण, लिहिलं.
फॉर्म विलायतेत तयार झालेला, भाषांतर पुण्यात,
आणि मी तिशीची, नव्या शिक्क्याची.

त्यांना काहीच झालं नव्हतं.
नवरा गेला होता, एवढंच. मिल बंद पडल्यावर दोन वर्षांनी.
उदासी होती. गोळ्यांनी, आणि कुणी सांगावं,
नातवाच्या गोवरानंही असेल, उतरली.
पुढच्या गुरुवारी विडी घरकुलात गेले तर
मांडीवर सूप, नजर टीव्हीवर,
बोटं वळतायत, दुमडतायत, दोरा बांधतायत,
आणि पंचविसाला हात आपणहून थांबतोय.
मी मोजल्या. पंचवीस.
दुसरा कट्टा. पंचवीस.
त्या नऊची मला अजून लाज वाटते.

अकरा वर्षांनी कारखान्याचा चेकर आला,
अंबादास मादगुंडी, काखेत रजिस्टर.
बाई, यांचा कट्टा चुकतोय.
चोवीस, सत्तावीस, एकदा एकतीस.
कमी भरले की मी कापतो,
जास्त भरले तर बोलतंय कोण?
किती दिवस?
दोन वर्षं झाली की.

छाटचा रकाना रात्रभर वाचला.
एवढा उतार मी कुठल्याही स्कॅनवर पाहिला नव्हता.

मग चौदा कारखाने, जमिनीवर बसून,
उंदरांनी कुरतडलेली वर्षं वगळून.
निबंध पाठवला तिकडून प्रश्न आला :
नोंद घेणाऱ्याचं शिक्षण किती?
सातवी नापास, मी लिहिलं.
पुढे लिहिलं होतं,
यांच्या हाताखालून रोज चाळीस हजार जातात.
तेवढं खोडलं.

राजमणींची आधी मराठी गेली.
बाजारातून आणलेली होती, बाजाराकडेच परत गेली.
म्हणून मी पन्नाशीत तेलुगू शिकले, कंपाउंडरच्या मुलीकडून.
ईरोजु ए वारम? विचारायचे.
वार सांगायच्या नाहीत, माझ्या उच्चारांना हसायच्या.
हसण्याला गुण द्यायची सोय फॉर्मवर नाही.

एकदा सात रस्त्यावर सापडल्या, चपलेविना, भर दुपारी.
पोलीस म्हणाला, कुठं जायचंय सांगेनात.
सात रस्ते, मला तरी कुठं सांगता आलं असतं.

मुलगा विचारायचा, गोळी आहे का?
आहे.
बरं होतं का?
नाही.
मग?
या 'मग'चं उत्तर देण्यात पस्तीस वर्षं गेली.

या गावात मेंदूला माग म्हणणं सोपं आहे.
मी ते व्याख्यानांतून टाळलं.
धागा तुटला की विणकर गाठ मारतो.
मला ती येत नाही.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेले.
बोलणं संपलं होतं, ओळख तर कधीचीच.
सुनेनं सुपात जुनी पानं दिली होती, तंबाखूशिवाय.
बोटं वळत होती, रिकाम्या, नेटक्या.
दोरा बांधून त्यांनी एक कट्टा माझ्या मांडीवर ठेवला,
मीच चेकर असल्यासारखा.

रात्री घरी मोजल्या.
चोवीस.
पुन्हा मोजल्या.
पंचवीस.
तिसऱ्यांदा मोजल्या नाहीत.